चौदा नंबरच्या कुलपामागून

चूक माझी होती, आधी तेवढं कबूल करतो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. त्यामुळे भीतीपेक्षा रागच जास्त येतो... स्वतःचा.

मी घरमालकांसाठी भाडेकरूंची माहिती गोळा करायचो. मुलुंड पश्चिमेला एक जुनी पागडीची चाळ होती. मालकाला खोल्या रिकाम्या हव्या होत्या. भाडेकरू कारणाशिवाय सहा महिने राहत नसेल, तर खोली परत मागता येते. म्हणून कोण राहतं ते फॉर्मवर भरून वकिलाला द्यायचं.

दुपारचे साडेतीन. दुसरा मजला, चौदा नंबर. फॉर्ममध्ये डोकं घालूनच मी दार वाजवलं.

"कोण रे?" आतून म्हातारा आवाज.

"आजी, मालकाकडून आलोय. माहिती हवी होती."

"मग लिही. इंदू जाधव. एकटीच असते. लग्न होऊन आले ती इथेच. आणि मालकाला सांग, मोरीतला नळ ठिबकतोय. कान आहेत की नाहीत मेल्याला?"

हसत हसत लिहिलं. सहीसाठी मान वर केली, तर दाराला बाहेरून कुलूप! वर धूळ. "आजी?" म्हणत मी कुलूप ओढून पाहिलं.

शेजारीण म्हणाली, "अहो, त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. दोन महिने नाहूरला आहेत, मुलीकडे."

मालकाला फोन केला. "कुलूप आहे ना? मग सहा महिने बंद लिही. तू डोकं नको लावू यार!"

आणि मी लिहिलं. आवाजाचं सोडा, पण ऑपरेशनचं लिहायला काय धाड भरली होती मला? आजींनी सांगितलेलं ज्यावर लिहिलं होतं, तो कागद फाडला. नव्या फॉर्मच्या जोरावर मालकाने कोर्टात दावा लावला. एका म्हातारीचं घर माझ्या तीन शब्दांवर जाणार होतं.

नोटीस मिळाल्यावर आजी काठी टेकत परत आल्याचं कळलं. मी गेलो. आजींनीच दार उघडलं. आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच बघत होतो.

"आजी, मी—"

"नळाचं सांगितलंस का त्याला?"

मोरीत नळ ठिबकत होता.

"तुम्ही मला कधी सांगितलंत?"

"कोण जाणे. पण सांगितलं होतं तुला."

याचा उलगडा मला आजही नाही. फॉर्म खोटा आहे, असं आजींच्या वकिलासाठी तिथेच लिहून सही केली. मग हात जोडले.

"माफ करा आजी. तुम्ही आतून उत्तर दिलंत, आणि मी बंद लिहिलं."