शंकरप्पांचे लाल ठिपके

केजच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान चालवणारे शंकरप्पा चक्कीवर दळण टाकून कधी घरी आले नाहीत. गहू वरून पडल्यापासून पीठ डब्यात येईपर्यंत ते समोर उभे राहत, मिशा पांढऱ्या झाल्या तरी. शिंप्याकडून उरलेल्या चिंध्या मागून आणत आणि घरी जुळवून बघत. बायकोवरही डोळा असे. मल्लम्मांनी युसूफ वडगावला दिलेल्या आपल्या बहिणीला तूरडाळ धाडली, की चार दिवसांनी डबा हलका लागे.

"मला न विचारता दिलीस?"

"सांगितलं की जेवताना. तुमचं ध्यान कुठं होतं, कुणाला ठावं."

मल्लम्मा हे इतक्या थंडपणे म्हणत, की शंकरप्पा डबा जागेवर ठेवून देत. पण संशय तसाच राही. गेल्या दोन वर्षांत तर तो फारच वाढला होता. सासू-सून कुजबुजतात, गिऱ्हाइकं पुटपुटतात, सगळे मिळून आपल्यापासून काहीतरी लपवतात, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

या माणसाला हौस एकच, रेकॉर्डची. तरुणपणी हैदराबादला माल आणायला जात, तेव्हा गाठोड्यात एखादी तबकडी असे. अशा चाळीसेक जमल्या होत्या. पंच्याण्णव साली गल्लीतल्या गच्च्यांवरून केबलच्या तारा गेल्या, पोरांकडे कॅसेटींचे ढीग झाले. शंकरप्पांच्या मुलानंही पुण्याहून नवा ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आणून दिले. पण त्याला रेकॉर्ड-प्लेअर जोडला, की डास गुणगुणल्यासारखा आवाज येई.

"सुईतून येणारा आवाज लई बारीक असतो, आप्पा," सत्तारभाई म्हणाले. एसटी स्टँडच्या रस्त्यावर त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि दोघांची ओळख तीस वर्षांची. "नव्या मशीनला तो पुरत न्हाई. मधी एक पेटी लागते, प्रीॲम्प. ती आधी आवाजाला जरा बाळसं आणते."

अंबाजोगाईचे एक डॉक्टर सीडीचं मशीन आल्यामुळे जुनं सामान काढत होते. दोघं जीपनं तिथं गेले. टेबलावर दोन पेट्या होत्या. एक चंदेरी, पुढं दिव्यांची रांग. दुसरी काळी, बोजड, आत काचेच्या वाल्व्हची. सत्तारभाईंनी काळीवर हात ठेवला.

शंकरप्पांचे डोळे बारीक झाले. "हीच कावून?"

"चांदीवालीच्या स्क्रूची डोकी बघा, घासलीत. दोनदा तरी उघडलीय. हिला कुणाचा हात लागलेला न्हाई."

हे कारण शंकरप्पांना एकदम पटलं. काळी पेटी घरी आली.

तपासून साफ करायला सत्तारभाईंकडे देण्याआधी मात्र शंकरप्पांनी दार लावून घेतलं, पेटीचं झाकण काढलं आणि सुनेच्या नेलपॉलिशनं चारही वाल्व्हवर, ट्रान्सफॉर्मरवर, बटणांच्या मागे एकेक लाल ठिपका दिला. पार्ट बदलला तर कळायला नको? नेलपॉलिशची बाटली अर्धी झालेली बघून रुद्राणीनं सासूकडे दोन दिवस वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

आठ दिवसांनी पेटी परत आली. सुकलेले कंडेन्सर बदलले होते आणि जुने पुडीत बांधून दिले होते. वाल्व्हचे पाय ब्लेडनं खरवडून चकचकीत केले होते. शंकरप्पांनी आधी झाकण काढून ठिपके मोजले. सगळे जागच्या जागी होते. मग रेकॉर्ड लावली, मधोमध खुर्ची टाकून बसले, आणि कपाळाला आठी पडली. दाराकडचा स्पीकर खणखणीत वाजत होता. खिडकीकडचा मेल्यासारखा.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," मल्लम्मा म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बंकटच्या चहाच्या हॉटेलात शंकरप्पा बोलून बसले, "वरच्या पार्टांवर माझी खूण हाय. खालून काय काढलं, ते आपल्याला थोडंच दिसतं? सत्तारनं हात मारला."

ते हॉटेल म्हणजे निम्मं केज. आठवड्यात दोघांनी आपले टीव्ही न उघडताच सत्तारभाईंच्या दुकानातून परत नेले. तिसऱ्यानं पार्ट समोर बसून बदला म्हणून सांगितलं. त्या दुपारी सत्तारभाई स्क्रूड्रायव्हर खिशात घालून शंकरप्पांच्या घरी आले. मल्लम्मांनी दिलेलं पाणी त्यांनी घेतलं नाही.

"लावा रेकॉर्ड. कोणता कमी?"

"खिडकीकडचा."

सत्तारभाईंनी पेटीच्या मागच्या दोन तारा काढून त्यांची अदलाबदल केली. "पेटीत खोट असंल, तर आता दाराकडचा कमी यायला पायजे. कोणता?"

"खिडकीकडचाच."

त्यांनी दोन्ही स्पीकर उचलून त्यांच्या जागा बदलल्या. "आता?"

"खिडकीकडचाच. तेच तर सांगतोय मी."

सत्तारभाई मधोमध येऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी ऐकलं. मग शंकरप्पांकडे बघत राहिले.

"उठा, आप्पा. खुर्ची फिरवा. स्पीकरकडं पाठ करून बसा."

"कावून?"

"बसा तर."

शंकरप्पा बसले. रेकॉर्ड चालू होती.

"कोणता कमी?"

शंकरप्पांनी कान दिला. आता दाराकडचा कमी होता. त्यांनी मान वळवली, पुन्हा फिरवली. मग हळूच उजव्या कानात बोट घातलं. खोलीतलं गाणं जवळजवळ बंद झालं.

दारात मल्लम्मा उभ्या होत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या.

सत्तारभाईंनी तारा आणि स्पीकर पूर्ववत केले. "तुमचे ठिपके पहिल्याच दिवशी दिसले होते मला," ते म्हणाले. "थिनरनं साफ करताना तेवढे सोडून पुसलं. म्हटलं, निघाले तर आप्पांना झोप लागायची न्हाई." ते दाराशी थांबले. "बंकटकडं बोललात, ते बंकटकडंच परत घ्या. मला दुसरं काई नको."

सकाळी शंकरप्पा हॉटेलात गेले. रात्रभर त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं, की तार सैल होती. खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं, सैल तार म्हणजेही सत्तारचंच काम कच्चं.

"सत्तारनं काई काढलं न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. "पेटी एक नंबर हाय."

"मग बिघाड कुठं होता?" बंकटनं किटली ठेवून विचारलं.

चार टेबलांवरची माणसं बघत होती.

"माझ्यात. डावा कान गेलाय माझा."

कुणी हसलं नाही. बंकटनं कप पुढं ओढला आणि सवयीनं हळू आवाजात काहीतरी पुटपुटला. शंकरप्पांनी उजवी बाजू त्याच्याकडे केली. "आता बोल."

"साखर कमी टाकू का, म्हटलं."

दुपारी ते जेवायला घरी आले. मल्लम्मा ताट वाढून नेहमीसारख्या त्यांच्या डाव्या हाताला बसल्या. तोंड उघडणार, तोच शंकरप्पांनी उजवीकडची जमीन थोपटली.

"इकडं बस."

"कावून?"

"दोन वर्षं जेवताना काय काय सांगितलंस, ते पुन्हा एकदा ऐकतो."

मल्लम्मा ताटातल्या भाकरीकडे बघत उठल्या आणि उजवीकडे जाऊन बसल्या. कालच युसूफ वडगावला बहिणीकडे पाच किलो ज्वारी गेली होती.