शेंदूर फासलेली पिशवी

मी शहाणपणा केला की नुकसान ठरलेलं, हे आमच्या गल्लीला आधीपासून ठाऊक होतं. मला तेवढं अलीकडं कळलं. सांगते. हसायचं ते शेवटी हसा.

आमची वस्ती सांगलीजवळ, एमआयडीसीच्या भिंतीला चिकटून. पलीकडं फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवायचा कारखाना. सकाळी पांढरी चादर वाळत घातली की दुपारी करडी! माझ्या नातीचा खोकला वर्षभर हटत नव्हता. तक्रार केली की कारखान्याचे साहेब म्हणायचे, "पुरावा काय?"

मग कॉलेजातल्या एक मॅडम आल्या. दहा घरांच्या दारात त्यांनी जाळीच्या पिशव्या टांगल्या, आत शेवाळ. हवेतली धातूची धूळ म्हणे शेवाळात अडकते. तीन महिन्यांनी तपासली की झाला पुरावा.

"हौसामावशी, हिला कुणाचा हात लागू देऊ नका हं."

"हात? तोडून ठेवीन!"

पण शेजारची शेवंता! दुसऱ्याच दिवशी पिशवीच्या खिळ्याला तिचा ओला परकर.

"अगं ए, ती तपासणीची पिशवी हाय!"

"मग? माझा परकर तिला चावतोय व्हय?"

रोज कोण भांडणार? भांडायला मी भीत नाही, पण मला चार घरची धुणीभांडी असतात. मग डोकं चालवलं. आपल्याकडं दगडाला शेंदूर फासला की त्याला कुणी हात लावतं का? मारुतीला आणलेली पुडी घरात होतीच. तेलात कालवली आणि पिशवीला चांगला जाड हात दिला.

लय झकास चाललं! शेवंता येता-जाता हात जोडायला लागली. एका शनिवारी कुणीतरी रुईची माळ घालून गेलं. धुरानं शेंदूर काळा पडला की मी वरून परत फासायची. तीन महिन्यांनी पिशव्या न्यायला मॅडमची विद्यार्थिनी आली. तिनंसुद्धा आधी नमस्कार केला, मग ते काळं गाठोडं खाली काढलं.

पुढं मॅडमचा फोन आला. "मावशी, नऊ पिशव्यांत लोखंड आणि जस्त आहे. तुमच्या एकटीच्या पिशवीत शिसं! तेही भयंकर. मी उद्या येते, तोवर थांबा..."

मी थांबते होय! गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि थेट गेटवर.

"शिसं सोडता व्हय आमच्या लेकरांवर?"

"अहो बाई, आम्ही शिसं वापरतच नाही," साहेब म्हणाले.

"मग काय आभाळातनं पडलं? कुणी काय सोडलं, समदं नावानिशी कागदावर आलं पायजे. आन् तो कागद हितं गेटवर चिकटवायचा!"

"चिकटवू की." लगेच कबूल! तिथंच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. खिळ्याखाली भिंतीवर केशरी ओघळ.

"मावशी, हे काय?"

"शेंदूर."

मॅडम उंबऱ्यावरच बसल्या. "अहो, शेंदूर शिशाचाच करतात!"

माझी पिशवी बाद झाली. पण बाकीच्या नऊ पिशव्यांनी लाज राखली. साहेबांना धुराड्याला गाळणी बसवावी लागली, आणि शब्द दिला होता म्हणून कागदही लावावा लागला. अजून आहे गेटवर. 'लोखंड, जस्त : कारखाना. शिसे : हौसाबाई.'

शेवंताला वाचता येत नाही. तरी येता-जाता मोठ्यानं वाचते.