सुनेचा पट्टा

मंगळवारी सकाळी गच्चीत धुणं वाळत घालताना वर्षाराणीनं दोन्ही हात वर केले, कुर्ता सरकला आणि चिमणाबाईंना पोलिसात असलेल्या सुनेच्या कंबरेवरचे डाग दिसले. एक डावीकडे, एक उजवीकडे, हाडाच्या जरा वर. अंगठ्याएवढे, निळसर, कडेनं पिवळे पडत चाललेले.

"काय गं ते?"

वर्षानं कुर्ता खाली ओढला. "ते व्हय? टेबलाचा कोपरा लागला, आई."

"दोन्हीकडनं?"

"गर्दी असती की हो ठाण्यात," म्हणत ती चिमट्यांचा डबा घेऊन खाली गेलीसुद्धा.

चिमणाबाई ओल्या चादरीचं टोक धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतः चोवीस वर्षांत दाराची चौकट सांगितली होती, पाटा सांगितला होता, एकदा म्हशीचं शिंगही सांगितलं होतं. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी म्हैस कधीच नव्हती. पण कुठली म्हैस, असं कुणी विचारलं नव्हतं.

त्यांचे मालक गुंडू हवालदार. वाटेत दिसलेल्या म्हातारीची पिशवी तिच्या दारापर्यंत पोचवणारा माणूस अशी त्यांची पेठेत ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. घरी आले की कंबरेचा पट्टा काढायचे. कधी तो बाजूला ठेवायचे, कधी ठेवायचे नाहीत. सकाळी त्याच पट्ट्याचं पितळ चिमणाबाईंनी चिंच लावून लख्ख करायचं. हवालदार जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून घरात चामड्याचा पट्टा आला नव्हता. मुलगा राजवीर पँटलासुद्धा कापडी पट्टा लावायचा. शाहूपुरीत त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. त्याचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता, आणि त्याच गोष्टीनं चिमणाबाईंना धीर येईना. हवालदारांचाही आवाज बाहेर कुणी ऐकला नव्हता.

दुपारी शेजारच्या राजमतीबाई भिंतीपाशी आल्या तेव्हा चिमणाबाईंनी नाव न घेता विषय काढला. एखादीला नवरा मारत असला, आणि ती स्वतः पोलिसात असली, तर?

राजमतीबाईंना नावाची गरज लागली नाही. "पोलिसाला कोण मारतंय, चिमणाक्का? उलट तुमच्या पोराची पाठ तपासा की एकदा!"

"मी कुणाचं नाव घेतलं काय?"

"सरकारनं काठी दिल्याय हातात. हाणावी की तिनं."

"काठी ठाण्यात ऱ्हाती," चिमणाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

वर्षा सहा वर्षं पासपोर्टच्या टेबलावर होती, साध्या कपड्यात. याच महिन्यात तिची गस्तीच्या पथकात बदली झाली. वर्दी ती ठाण्यातच चढवायची, ठाण्यातच उतरवायची. घरात खाकी दिसत नाही याचं चिमणाबाईंना बरंच वाटलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी राजवीर दुकानातून आला आणि चहासुद्धा न घेता टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन गच्चीवर गेला. जिन्यात एरंडेलाचा वास राहिला. चिमणाबाई अनवाणी वर चढल्या. दाराच्या फटीतून दिसला तो पट्टा. चार बोटं रुंद, तपकिरी, कोरा करकरीत. राजवीर त्याला फडक्यानं तेल चोळत होता. मग त्यानं तो उलटा वाकवला, मुठीभोवती गुंडाळला, करकर वाजेपर्यंत ताणला आणि मोकळा सोडला. फटकन आवाज झाला.

चिमणाबाई भिंतीला हात लावत चार पायऱ्या उतरल्या आणि तिथंच बसल्या. वर्षाला विचारून उपयोग नव्हता. ती पुन्हा टेबल सांगेल, वर त्याला सावध करेल. नवऱ्याचं कधी कुणाला सांगितलं नाही, पोराचं सांगायचं. पट्टा हाती लागला की पिशवीत घालायचा, रिक्षा करायची आणि सुनेच्याच ठाण्यात मोठ्या मॅडमपुढं नेऊन ठेवायचा. दोन दिवस त्यांनी राजवीरला भाकरी वाढली ती त्याच्या मुठींकडे बघत.

शनिवारी वर्षाची सुट्टी होती. सकाळच्या एसटीनं ती शिरोळला आईकडं गेली, राजवीर दुकानात. चिमणाबाईंनी दोघांचं कपाट उघडलं. घोंगड्यांच्या खाली पट्टा सापडला. पण आता तो नुसता पट्टा नव्हता. त्याला चामड्याचे खण ओवले होते: पिस्तुलाचा, बेडीचा, वॉकीटॉकीचा. सगळे रिकामे. आतल्या बाजूला पेनानं वर्षाराणीचं नाव आणि बक्कल नंबर.

त्या पलंगावर टेकल्या. पट्टा सुनेचा होता. म्हणून काय झालं? नाव बायकोचं आहे म्हणून मारणाऱ्याचा हात थांबत नाही.

मग त्यांना पट्ट्यावरच्या चार बारक्या वाद्या दिसल्या. वरचा जड पट्टा आतल्या साध्या पट्ट्याला धरून ठेवणाऱ्या. प्रत्येकीला आतून पितळी बटण. दोन बटणं नेमकी कुशीवर येत होती. चिमणाबाईंनी एका बटणावर अंगठा टेकवला. बटण झाकलं गेलं.

तरी त्यांचं समाधान होईना. बटण काय, कुठंही असतं. पंचनामा करायचा तर नीट करावा. त्यांनी लुगड्यावरून पट्टा बांधला. रिकामा होता तर काही कळत नव्हतं, म्हणून पिस्तुलाच्या खणात खलबत्त्यातला बत्ता घातला, बेडीच्या खणात कोठीचं कुलूप, वॉकीटॉकीच्या जागी मिठाचा पुडा. आणि नऊ वाजता कामाला लागल्या.

चामडं फळीसारखं ताठ होतं. केर काढायला वाकल्या की पोटात रुतायचं, भाकरी थापायला बसल्या की बत्ता मांडीवर आदळायचा. तासाभरात कंबर ठणकायला लागली, तरी त्यांनी सोडलं नाही. साडेबाराला खोलीचं दार लावून, पट्टा सोडून त्यांनी आरशात पाहिलं. हाडाच्या जरा वर दोन लालभडक गोल. उद्या निळे पडणार.

मग पट्टा पुन्हा बांधला आणि वाद्या सरकवू लागल्या. कुशीवरचं बटण दोन बोटं पुढं, मऊ मांसावर. मिठाचा पुडा डावीकडं, म्हणजे बत्त्याचा भार एकाच बाजूला नको. कुलूप मणक्यावर येत होतं, ते बाजूला. चालून बघितलं, बसून बघितलं, पुन्हा सरकवलं. त्यातच एक वाजला आणि राजवीर जेवायला आला.

तो दारातच थांबला. "आई. काढ ते आधी."

"तेल जास्त झालंय. चिकाट झालाय."

"कुठं गावला तुला?"

"तू ठेवलास तिथं."

राजवीर उंबऱ्यावरच बसला. "तुला दिसू नये म्हणून ठेवला हुता. मीच म्हटलं वर्षाला, आईम्होरं बांधू नको. नवा हाय, कंबर सोलती. घरी रोज दोन तास बांधून सवय कर म्हणाल्यात तिच्या मॅडम. तर ती दार लावून बसती. मी जरा मऊ करत हुतो."

"मग टेबलाचा कोपरा कशाला सांगितला तिनं?"

"कसला कोपरा?"

चिमणाबाईंनी सांगितलं. डाग, फटीतून पाहिलेलं, सगळं. राजवीरला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी?"

चिमणाबाईंची नजर त्याच्या मुठींवर गेली.

"कधीपासनं वाटत हुतं तुला?"

"मंगळवारपासनं. आज गावला की ठाण्यात नेणार हुते."

"माझ्यावर तक्रार?"

"तुझ्यावर."

त्या बक्कल सोडवायला लागल्या. निघेना. "थांब, तुला न्हाय निघायचं," म्हणत राजवीर उठला आणि त्यानं हात पुढं केला. चिमणाबाई एक पाऊल मागं सरकल्या. पाठ कपाटाला लागली.

दोघांनाही ते कळलं. त्याचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले, शाळेतल्या पोरासारखे. "तूच काढ," तो म्हणाला. "आत दाब, मग वढ."

तिसऱ्या खेपेला निघालं.

तो ताटावर बसला. चिमणाबाई समोर बसल्या.

"आता बघत बसणार माझ्याकडं?"

"बसणार की."

"किती दिवस?"

"ते मी ठरवीन."

त्यानं मान हलवली आणि भाकरी मोडली. एवढ्यात वर्षाचा फोन आला, जेवण झालं काय म्हणून.

"तुझा पट्टा मी बांधून बघितला," चिमणाबाई म्हणाल्या. "बटणं म्होरं घेतल्यात. आन् हितनं म्होरं भाईरच्या खोलीत बांधायचा. दार लावून न्हाय."

"आई... ते काय बोलले काय?"

"त्यो काय बोलतोय," चिमणाबाई म्हणाल्या. "जेवतोय. हाय माझ्या नजरंसमोर."