पिवळा कॅन

गोड्या तेलाच्या रिकाम्या कॅनचा वास आला की मला भोकरजवळच्या एका शेतातली विहीर आठवते. त्या आठवड्यात मी सहावीला वस्तू का तरंगतात ते शिकवलं होतं, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मुली मला ओढतच तिकडे घेऊन गेल्या. "चला की मॅडम, कॅन बांधून पवून दाखवतो." विहिरीत ऊन अर्ध्या पायऱ्यांपर्यंतच पोचत होतं, खाली हिरवंकाळं पाणी आणि शेवाळाचा वास. नवशिक्या पोरांच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, घट्ट झाकणाचा रिकामा कॅन बांधायची तिथली रीत. एकीला दोरी खांद्याला काचत होती, म्हणून तिने कॅन सरकवून कमरेवर घेतला आणि उडी मारली. कॅन लगेच वर आला. "तरंगली, मॅडम, तरंगली!" मुलींनी टाळ्या पिटल्या, मीही हसले. मग दिसलं, की पाण्यावर नुसता पिवळा कॅन आहे आणि मागे दोन तळपाय, डोकं खालीच. मला पोहता येत नाही. काठावर बसलेल्या तिच्या काकांनी कपड्यांनिशी उडी टाकली आणि केसांना धरून तिला वर काढलं. "कमरंला कुनी बांधाय सांगितलं गं तुला?" ते ओरडत होते. तिने भडाभडा पाणी ओकलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, कॅन न्हाई बुडला." अजूनही प्रयोगात काही तरंगलं की वर्ग टाळ्या वाजवतो, आणि मी आधी वाकून त्याच्या खाली बघते.