टाळूला फोड कोणाच्या आले?

घराच्या पुढच्या खोलीत थोरली जाऊ बायकांचे केस कापायची. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि बोलघेवडा स्वभाव, एवढ्यावर तिचं छान चाललं होतं. धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा तिला कात्री कशी धरतात हेही ठाऊक नव्हतं. थोरलीने तिला हाताला धरून शिकवलं.

शिकून झाल्यावर धाकटीने रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, काचेच्या दाराचं पार्लर उघडलं. "आता सगळं नेटवर असतं, ताई. तिथे नाही तो कुठेच नाही," असं वर ऐकवलंही. थोरलीने तेही गिळलं. घरातलीच बाई, करू दे धंदा.

मग कुठलंही दुकान निवडण्याआधी लोक ज्या वेबसाइटवर डोकावतात, तिथे थोरलीबद्दल मजकूर येऊ लागला. रंगाने टाळूला फोड आले. टॉवेलला वास येतो. लिहिणाऱ्या बायकांची नावं तिने कधी ऐकलेली नव्हती. एकीने मात्र मागच्या खोलीतल्या, पायाला पट्टी बांधलेल्या स्टुलाची टवाळी केली होती. त्या खोलीत गिऱ्हाईक कधी जातच नसे. थोरलीला जे कळायचं ते कळलं.

तिने वेबसाइटकडे तक्रारी केल्या. दर वेळी तेच ठरावीक उत्तर आलं. नवरा म्हणाला, "पुरावा काय? घरात तमाशा नको." गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. घरच्या जेवणाला धाकटी शेजारी बसून गोड आवाजात विचारायची, "ताई, हल्ली गर्दी कमी दिसते?" थोरली हसून मान हलवायची. कोणाची मान साफ करताना कधीकधी तिला धाकटीची मान दिसायची. मग ती वस्तरा खाली ठेवायची आणि हात धुऊन यायची.

एका शनिवारी सकाळी सगळ्याच मोठ्या वेबसाइट्स बंद पडल्या. रेडिओवर सांगत होते की कोणीतरी लाखो यंत्रांकडून एकाच वेळी खोट्या मागण्यांचा मारा केलाय. त्या गर्दीत खऱ्या माणसाला आत शिरताच येत नाही. खोटी गिऱ्हाइकं म्हणजे काय, हे थोरलीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

धाकटीच्या सगळ्या वेळा नेटवरच नोंदवलेल्या. कोणाची कितीची वेळ, तिलाच ठाऊक नाही. काचेच्या दारापुढे बायका हमरीतुमरीवर आल्या. त्यात एक नवरी, दुपारी लग्न, केस ओले, डोळ्यांत पाणी. थोरली खुर्ची खिडकीशी ओढून चहा पीत बघत बसली. असा गोड चहा तिने कितीतरी दिवसांत प्यायला नव्हता.

शेवटी धाकटी रस्ता ओलांडून आली. चेहरा पांढराफटक.

"ताई, चारपाच जणींना घ्याल का? निदान नवरीला तरी. पाया पडते."

"घेते की. आधी माझ्याबरोबर चल."

थोरलीने तिचं मनगट धरलं आणि तिला परत त्या गर्दीसमोर नेऊन उभं केलं.

"सांग यांना. टाळूला फोड कोणाच्या आले?"

"ताई, इथे नको ना."

"अख्ख्या जगासमोर लिहिलंस. इथे तर मोजून वीस बायकाही नाहीत."

नवरी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागली.

"मी लिहिलं," धाकटी पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

"मी लिहिलं! सगळं खोटं होतं, सगळं!"

थोरलीने मनगट सोडलं, नवरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला घेऊन आली. बाकीच्यांना म्हणाली, "तुमचं जाऊबाई बघतील." नवरीचे केस तिने इतके सुरेख बांधले की तिच्या आईने आरशासमोरच तिची दृष्ट काढली.

संध्याकाळपर्यंत वेबसाइट्स सुरू झाल्या. थोरलीबद्दलचा खोटा मजकूर रात्रीतून नाहीसा झाला. पण त्या सकाळी काचेच्या दारापुढे उभ्या असलेल्या बायकांनी पलीकडच्या पार्लरबद्दल जे घडलं ते लिहिलं होतं, स्वतःच्या खऱ्या नावांनिशी. ते कोण पुसणार?

काही आठवड्यांनी दीर आला. "वहिनी, आता पुरे करा. तुम्ही दोन शब्द चांगले लिहिलेत तर ती सावरेल."

"मी नेटवर कुठे असते, भाऊजी?" थोरली म्हणाली, आणि केर काढू लागली.

वर्षाच्या आत काचेच्या दारावर चष्मेवाल्याची पाटी लागली. नवऱ्याने बरेच दिवस अबोला धरला. "एवढं करायला नको होतं," हे त्याचं पहिलं वाक्य. "मला हवं होतं," ती म्हणाली. तिला झोप छान लागत होती.

परवा सासूबाईंकडे दोघी समोरासमोर बसल्या. धाकटीने कुठूनतरी केस कापून घेतले होते, एक बाजू सरळसरळ तिरकी. कात्री थोरलीच्या पर्समध्येच होती, काम पाच मिनिटांचं. धाकटीने एकदा हळूच वर पाहिलं. थोरलीने पर्स मांडीवर नीट ठेवली आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली.