पॉलिशवाल्याची नक्कल

परभणीच्या कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहिण्यात माझे अर्धे आयुष्य झिजले; शब्दांची पारख मला आहे, असे मी मानतो. एका रखरखीत दुपारी पत्नीच्या खांद्यावर हात ठेवून एक अंध गृहस्थ आले. बंद खोल्यांतून लाकडाला स्पिरिटचे पॉलिश करता करता त्यांची दृष्टी गेली होती. मदतीच्या अर्जात मी "अल्कोहोलच्या विषबाधेमुळे" असे भारदस्त लिहून वाचून दाखवले.

माझ्या टेबलाच्या कडेवरून फिरणारा त्यांचा अंगठा थांबला.

"साहेब, तसं नका लिहू. डॉक्टर मिथेनॉल म्हणले, पॉलिशच्या स्पिरिटातलं. पितात ते इथेनॉल. मी थेंबाला शिवलो न्हाई."

"अहो, दोन्ही अल्कोहोलच!"

"म्हणूनच गाव ह्यांला पेताड म्हणायलंय," पत्नी म्हणाली. "लेकीचं जमलेलं मोडायलंय."

थकल्या हाताने मी नवा कागद घेतला आणि दोन्हींतला फरक सविस्तर लिहिला. तो त्यांनी पुन्हा पुन्हा वाचायला लावला.

"आणखी एक नक्कल काढा."

"कचेरीला एकच पुरते."

"कचेरीचं होईल तवा होईल, साहेब. ही होणाऱ्या व्याह्याला वाचून दाखवायचीय."

आणि त्यांचा अंगठा पुन्हा माझ्या टेबलाच्या पॉलिश उडालेल्या कडेवरून सावकाश फिरू लागला.