देवकामावशीच्या ओटीचे तांदूळ

देवकाबाई ही माझ्या पत्नीची, नलूची, सख्खी मावशी. नालवाडीला राहते. ख्रिस्ती सिस्टर लोकांच्या एका लहानशा दवाखान्यात तिनं एकतीस वर्षं आया म्हणून काम केलं. फरशी पुसायची, पट्ट्या उकळायच्या, बाळंतिणींना उठवायचं-बसवायचं. तिच्या देव्हाऱ्यात मारुती आहे, भवानी आहे आणि त्यांच्या शेजारी तपकिरी झग्यातल्या एका केरळी जोगिणीचा फोटो आहे. मावशी तिघांनाही रोज हळदकुंकू वाहते.

तो फोटो घरात आला हर्षाच्या पायांमुळे. हर्षा मावशीची एकुलती एक मुलगी. ती सहा वर्षांची असताना कापूस वेचून झाल्यावर शेतात वाळक्या पऱ्हाटीचा ढीग जाळला होता. वरची राख पांढरी पडली होती, आत विस्तव तसाच होता. पोर खेळता खेळता त्यात शिरली आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले. दीड महिना दवाखान्यात काढला. रोज पट्टी बदलणारी सिस्टर केरळची होती. तिनं एकदा मावशीला फोटोतल्या या जोगिणीची, अल्फोन्साची, गोष्ट सांगितली. जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई गेली, तिच्या मावशीनं तिला वाढवलं. पुढं घरात लग्नाची बोलणी सुरू झाली. रूप बिघडलं तर लग्न टळेल म्हणून पोरीनं धुमसत्या भुशाच्या खड्ड्यात आपणहून पाय घातला. मग ती मठात गेली, बरंचसं आयुष्य आजारपणात काढलं आणि पस्तिसाव्या वर्षी वारली. भरणंगानम या गावी तिची कबर आहे. आधी शाळेतली मुलं तिथं मेणबत्त्या लावायची, मग मोठी माणसं येऊ लागली. सिस्टरनं ही गोष्ट सांगितल्यावर बऱ्याच वर्षांनी, २००८ साली, तिला संत म्हणून जाहीर केलं.

भाजलेल्या पायाचं दुखणं जिला ठाऊक तिलाच सांगावं, असं मावशीला वाटलं. ती तिथंच, खाटेशी, नवस बोलली, "माही पोर चालू दे माय, तुह्या गावाले येऊन तुही ओटी भरीन."

हर्षा चालायला लागली. शाळा शिकली, लग्न होऊन हिंगणघाटला गेली. नवस मात्र राहून गेला. कधी रजा नव्हती, कधी सोबत नव्हती, नंतर मावशीच्या यजमानांचं लांबलेलं दुखणं. ते गेले तेव्हा मावशी पन्नाशीच्या आत होती.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात आहे आणि येत्या मार्चअखेर निवृत्त होतो. कागदावर आखल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. २०१९ साली नलूच्या आग्रहावरून मी केरळचा प्रवास आखला आणि मावशीला सोबत घेतलं. टंकलेखन केलेल्या वेळापत्रकात भरणंगानमसाठी दोन तास चाळीस मिनिटं होती.

सेवाग्रामला गाडीत बसलो. बल्लारशा गेल्यावर मावशीनं पिशवीतून एक गाठोडं काढून नलूला दाखवलं. हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, डझनभर हिरव्या बांगड्या आणि पाच मुठी तांदूळ.

"हे कोणासाठी, मावशी?" मी विचारलं.

"ओटीचं हाय. नवसाचं."

मी हसलो. ते हसणं मला आजही आठवतं. म्हणालो, "अहो, ती जोगीण. लग्न नको म्हणून पाय भाजून घेतला तिनं, आणि तुम्ही तिला बांगड्या नेता? आणि दुसरं म्हणजे..."

दुसरं मी पुरं केलं नाही. पण अर्धं सोडलेलं मावशीनं पुरं ऐकलं. विधवा बाई ओटी भरत नाही.

"काही बी बोलता तुम्ही," नलू चिडली.

मावशीनं मात्र गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट मारली. "जवाईबापू म्हणते ते बराबरच असंल. शिकेल माणूस हाय."

आमच्याकडं जावयाचा शब्द मोडत नाहीत. मी जावई नसतो, शेजारी असतो, तर मावशीनं मला तिथल्या तिथं चार शब्द सुनावले असते.

भरणंगानमला कबरीपाशी बरीच रांग होती. आमच्या पुढं एक म्हातारी होती, पांढऱ्या कपड्यातली, कपाळ मोकळं. तिनं कमरेच्या पिशवीतून घडी घातलेलं कोरं वस्त्र काढलं, कबरीवर ठेवलं, त्यावर मोगऱ्याची फुलं ठेवली आणि डोकं टेकलं. तिला कोणी काही म्हटलं नाही. जवळ उभ्या असलेल्या सिस्टरनं तर तिला हात देऊन उठवलं.

मावशीनं ते पाहिलं. मग वळून माझ्याकडं पाहिलं. पिशवीचं तोंड तिच्या हातात होतं.

"काढा मावशी," एवढंच म्हणायचं होतं मला. पण तसं म्हटलं तर गाडीतलं बोलणं चूक होतं हे कबूल करावं लागलं असतं. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "कोट्टयमची बस पावणेदोनला आहे."

मावशीनं एक मेणबत्ती लावली, कबरीला हात लावून डोळ्यांना लावला आणि बाहेर आली. गाठोडं जसं गेलं तसं परत आलं.

सेवाग्राम स्टेशनवर उतरताना नलू म्हणाली, "तुमचं टाइमटेबल बराबर झालं न? मंग झालं."

या अक्षय तृतीयेला, आमच्याकडच्या आखाजीला, मावशीनं आम्हाला जेवायला बोलावलं. दरवर्षी बोलावते. मी ठरवून गेलो होतो. बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मावशी, तेव्हा माझं चुकलं. आता मी निवृत्तच होतो आहे. पुन्हा जाऊ. तुम्ही ओटी भरा."

मावशी गुडघ्यांना तेल लावत होती. "मंग तवा काऊन नाई बोलले?"

मी तेलाची वाटी तिच्याकडं सरकवली.

"संडासापर्यंत जाले भिंत धरा लागते मले. दोन दिवस गाडीत कशी बसू?"

"तर मी एकटा जातो. गाठोडं द्या माझ्याजवळ."

मावशी खळखळून हसली. "अवं नलू, आयकून राह्यली का? जवाईबापू ओटी भराले चालले! माणसाच्या हातानं ओटी, हे कोणत्या पुस्तकात लिवलं हाय?" मग हसू आवरून म्हणाली, "नवस माहा हाय. मीच फेडाले पायजे. नाई फेडला तं नाई फेडला. तिले समजते."

तेवढ्यात नलूनं आतून विचारलं, "मावशी, पेटी उघडी काऊन हाय?"

"आज ओटीचे तांदूळ बदलले वं," मावशी म्हणाली. "वर्षभरात सोंडे लागते त्याईले. दर आखाजीले नवे बांधतो, जुने निवडून शिजवतो. देवाच्या नावाचे हाय, फेकाचे कसे?"

नलू पाट मांडू लागली. मावशीनं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि भातावर वरण वाढलं.

"चालवा हात, जवाईबापू. भात गार होऊन राह्यला."

सात वर्षं मी हा भात जेवत आलो होतो. त्या दिवशीही जेवलो.